सात दिवसांचा घरसाठा : प्रकल्प नोंदी

६ सप्टेंबर २०२५

आजपासून हे काम रीतसर हाती घेतलं. घरात आम्ही चौघं आहोत: मी, नवरा, आई आणि नऊ वर्षांची लेक. नळ, वीज, गॅस, दुकानं, बँक, मोबाइल यांतलं काहीही, किंवा सगळंच एकदम बंद पडलं, तरी सात दिवस घरातल्या घरात नीट निभावता आलं पाहिजे, एवढंच उद्दिष्ट ठेवलं आहे.

भूकंप, पूर, वादळ, साथ अशी संकटांची यादी करत बसले नाही. संकट कुठलंही असो, ते घरापर्यंत पोचतं तेव्हा यांतली एखादी सोय तुटलेली असते. २८ एप्रिल २०२५ला भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली. पाठोपाठ रेल्वे थांबली, कार्डानं पैसे देणं थांबलं, फोन लागेनासे झाले. पूर नव्हता, भूकंप नव्हता, घरं जागच्या जागी शाबूत होती, तरी रोजचं सगळं अडलं. म्हणून वहीत यादी केली ती सोयींची.

सातच दिवस का? युरोपीय संघानं मार्च २०२५मध्ये नागरिकांना निदान ७२ तासांची तयारी ठेवायला सांगितलं. जपानमध्ये किमान तीन दिवस आणि जमल्यास आठवडा असा सल्ला असतो. नॉर्वेनं २०२४मध्ये तीन दिवसांचा सल्ला वाढवून आठवड्यावर नेला आणि जर्मनी दहा दिवस म्हणते. तीन दिवसांत मदत पोचेल असं धरून चालणं मला आईच्या वयाकडे बघून पटत नाही, आणि दहा दिवसांचं पाणी ठेवायला घरात जागा नाही. म्हणून सात.

वहीत प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना आखला आहे: ‘हे वापरायला आणखी काय लागतं?’ कडधान्यापुढे लिहिलं: पाणी, गॅस, आगपेटी. पॉवर बँकेपुढे: केबल, आणि ती आधीपासून चार्ज असणं. डबाबंद अन्नापुढे: कॅन ओपनर. या रकान्यात कमीत कमी शब्द लागतील ती वस्तू साठ्यात आधी, असं ठरवलं.

१० सप्टेंबर

खरेदीला हात लावण्याआधी मोजमाप. फ्रिजच्या दारावर कागद लावला आहे आणि घरात जे उघडेल, संपेल ते जो तो लिहितो. साबण, तेल, मीठ, सॅनिटरी पॅड, आईच्या गोळ्या, सगळं. तयार याद्या पुष्कळ मिळतात, पण त्या बहुतेक दुसऱ्या कुणाच्या तरी घराच्या असतात. आपलं घर काय खातं आणि किती वापरतं हे कागदावर आल्याशिवाय साठा म्हणजे नुसती अडगळ.

पाण्याचं मोजमाप वेगळं केलं. स्वयंपाकघरात पिण्याचं आणि रांधण्याचं पाणी दिवसभर एकाच मापाच्या भांड्यातून घेतलं आणि रेघा मारल्या. चौघांचं मिळून साडेबारा लिटरच्या आसपास आलं, म्हणजे माणशी तीन लिटरहून थोडं जास्त. आपत्तीतल्या मदतकार्यात जी स्फिअर मानकं वापरतात त्यांत पिणं आणि खाणं एवढ्यासाठी माणशी अडीच ते तीन लिटर धरतात, आणि धुणं-स्वच्छता धरून किमान १५ लिटर. आमचा आकडा त्याच्या जवळच आहे. उन्हाळा, ताप, जुलाब, अंगावर पिणारं मूल, यांत तो वाढणार. साठ्यासाठी माणशी रोज चार लिटर पिण्या-रांधण्याचे धरले.

१४ सप्टेंबर

पाणी. या सगळ्या कामात सर्वांत जड, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी करायचं काम हेच.

चार माणसं, चार लिटर, सात दिवस म्हणजे ११२ लिटर. लिटरला किलो धरला की एका माणसापेक्षा जास्त वजन झालं. हे माळ्यावर ठेवायचं नाही. फळीचा भरवसा नाही आणि जमीन हादरली तर वरून खाली येणार. भिंतीलगत, जमिनीवर, दोन-तीन ठिकाणी विभागून ठेवलं. एका खोलीचं दार अडकलं किंवा एक कॅन गळला तर सगळंच हातचं जाऊ नये.

नवऱ्याचं म्हणणं होतं की २० लिटरचे कॅन घेऊ, जागा कमी लागेल. मी भरलेला कॅन आईपुढे ठेवला. तिनं दोन्ही हातांनी मूठ धरली, जरा तिरपा केला आणि सोडून दिला. “मी एकटी घरात असले तर यातून पेलाभर पाणी कसं घेणार गं?” म्हणाली. दहा लिटरचे, खाली तोटी असलेले कॅन आणले. तोटीच्या आत रबरी वायसर असतो. तो सरळ बसला नाही की थेंब थेंब गळत राहतं आणि सकाळपर्यंत खाली थारोळं होतं. म्हणून प्रत्येक कॅन भरून, खाली कोरडा कागद घालून रात्रभर ठेवला आणि कागद कोरडा राहिलेलेच कॅन पास केले. बाकीच्यांचे वायसर बदलून पुन्हा तीच परीक्षा.

कॅन अन्नासाठीच्या प्लास्टिकचे हवेत. तळाशी त्रिकोणात २ असेल तर ते एचडीपीई, १ असेल तर पीईटी. पण आकड्यावरून फक्त प्लास्टिकची जात कळते, म्हणून अन्नासाठी योग्य असल्याची खूणही पाहिली. आधी रसायन किंवा दूध भरलेलं भांडं कितीही धुतलं तरी पाण्यासाठी घेणार नाही. दुधाचा अंश प्लास्टिकला धरून राहतो आणि त्यावर जिवाणू वाढतात. कॅन साबणानं धुतले, मग लिटरभर पाण्यात एक छोटा चमचा बिनवासाचं घरगुती ब्लीच मिसळून ते आतून सगळीकडे फिरवलं, अर्धा मिनिट ठेवून ओतलं आणि स्वच्छ पाण्यानं विसळलं. प्रत्येकावर भरल्याची तारीख. सहा महिन्यांनी पाणी बदलायचं. उजेडात शेवाळ धरतं म्हणून वर जाड कापड, आणि पेट्रोल, रंग, कीटकनाशक यांच्या शेजारी ठेवायचं नाही, कारण प्लास्टिकमधून वाफ आत शिरते.

फ्रीझरमध्ये रिकामी जागा होती तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, वरचा थोडा भाग रिकामा सोडून, कारण बर्फ फुगतो. वीज गेली की त्या फ्रीझर थंड ठेवतील आणि वितळल्या की पिता येतील. ही युक्ती मला मनापासून आवडली.

२१ सप्टेंबर

साठवलेलं संपलं किंवा नळाला गढूळ पाणी आलं तर? घरात सगळ्यांना तोंडपाठ व्हावं म्हणून कॅनच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून लावलं.

गढूळ असेल तर आधी निवळू द्यायचं आणि स्वच्छ दाट कापडातून गाळायचं. मग खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. इंधन नसेल तर ५ ते ६ टक्क्यांचं बिनवासाचं ब्लीच, लिटरला दोन थेंब, ढवळून अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर चार थेंब. अर्ध्या तासानं क्लोरीनचा किंचित वास यायला हवा. न आल्यास तेवढंच पुन्हा घालून आणखी पंधरा मिनिटं. वास असलेलं, रंगाचं किंवा घट्ट केलेलं ब्लीच यासाठी चालत नाही. ब्लीच पडून पडून कमजोर होतं, म्हणून बाटलीवरही तारीख टाकली आणि वर्ष उलटण्याआधी ती धुण्याकडे वळवायची असं ठरवलं. टॉयलेट क्लीनर किंवा अमोनियाजवळ तिला ठेवलेलं नाही. ब्लीच ॲसिडमध्ये किंवा अमोनियात मिसळलं की विषारी वायू निघतो.

इंधनही नाही, ब्लीचही नाही, अशा वेळी ऊन: पारदर्शक पीईटी बाटली, दोन लिटरपर्यंतची, स्वच्छ पाण्यानं भरून उन्हात आडवी सहा तास, ढगाळ असेल तर सलग दोन दिवस.

यांतलं कुठलंच पाण्यातलं इंधन, कीटकनाशक किंवा जड धातू काढत नाही. पुराच्या पाण्यात या गोष्टी असू शकतात, म्हणून ते कितीही उकळलं तरी प्यायचं नाही. हे वाक्य कागदावर लाल शाईनं लिहिलं आहे.

५ ऑक्टोबर

अन्न. मोजमापाचा कागद समोर ठेवून यादी केली. आपत्तीच्या नियोजनात माणशी रोज साधारण २१०० कॅलरी धरतात. आमचं रोजचं खाणं त्याच्या जवळपास आहे, तेव्हा वेगळं काही शोधायची गरज पडली नाही.

खाण्याचा क्रम ठरवला, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. वीज गेल्यावर आधी फ्रिजमधलं संपवायचं, मग फ्रीझरमधलं, मग कोरडं. दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. शिजवलेलं अन्न, दूध, मांस, अंडी हे चार अंश सेल्सिअसच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं की टाकायचं. चव घेऊन बघायचं नाही. वासाला आणि चवीला बरं लागणारं अन्नही आजारी पाडू शकतं, आणि दवाखाना गाठता येत नसेल तेव्हा ती जोखीम कशाला?

कोरड्या साठ्याचे तीन भाग केले. पहिल्यात नुसतं उघडून खाता येईल असं: सुका मेवा, भाजलेले दाणे, बिस्किटं, डबाबंद फळं. रकान्यात फार तर कॅन ओपनर लिहावा लागतो असा हा भाग, म्हणून तो निदान दोन दिवस पुरेल एवढा ठेवला. दुसऱ्यात फक्त गरम पाणी ओतून होईल असं. तिसऱ्यात धान्य आणि कडधान्य, जे सगळ्यांत स्वस्त आणि टिकाऊ, पण पाणी आणि इंधन दोन्ही मागणारं. कडधान्य आधी भिजवलं की शिजायला वेळ खूप कमी लागतो आणि भिजवलेलं पाणी पिण्यातलं जात असलं तरी इंधन वाचतं. भांडं उकळीला आणून, झाकण घट्ट लावून, जाड रजईत गुंडाळून ठेवलं की आतल्या उष्णतेवर पुढचं शिजतं. करून पाहिलं. तासाभरात दाणे मऊ झाले होते. कोरड्या राजम्याला मात्र ही पद्धत वापरायची नाही. त्यातलं विष मंद आचेवर नष्ट होत नाही, तो भिजवून, पाणी टाकून, पुढे खळखळा उकळलाच पाहिजे.

खारट पदार्थ मुद्दाम कमी ठेवले, ते तहान वाढवतात.

धान्याला कीड लागू नये म्हणून नवीन पिशवी चार दिवस फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशाला, ठेवून मग बंदच बाहेर काढायची. खोलीच्या तापमानाला आली की कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात. थंड असताना उघडली तर बाष्प धरतं आणि बुरशी येते. फुगलेला, गळणारा किंवा शिवणीवर चेपलेला डबा दिसला की न उघडता टाकायचा. त्यात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष असू शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा साठा वेगळ्या कपाटात कुलूप लावून ठेवलेला नाही. नेहमीच्याच फडताळात, नेहमी खातो त्याच वस्तू, फक्त आठवड्याभराच्या जास्त. पुढून काढायचं, मागून भरायचं, आणि एक संपलं की एक आणायचं. जपानमध्ये याला रोलिंग स्टॉक म्हणतात. वेगळा साठा केला की तो विसरला जातो आणि हवा तेव्हा मुदत संपलेला निघतो. मागून भरायचं काम लेकीनं मागून घेतलं. ती चिकटपट्टीवर महिना आणि वर्ष जाड पेननं लिहून डब्याच्या पुढच्या बाजूला लावते. छापील तारीख बहुतेक तळाशी असते, तिथे कुणी बघत नाही.

९ ऑक्टोबर

छोटं काम. फ्रीझरमध्ये पाणी गोठवलेला पेला ठेवला आणि बर्फावर एक नाणं. आम्ही घरात नसताना वीज बराच वेळ गेली आणि परत आली, तर नाणं खाली बुडालेलं दिसेल आणि आतलं अन्न वितळून पुन्हा गोठलंय हे कळेल.

१८ ऑक्टोबर

औषधं. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपायला आल्या की आणायच्या, अशी आजवरची रीत. आता दोन आठवड्यांच्या शिल्लक असतानाच पुढच्या आणायच्या. डॉक्टरांना कारण सांगितलं, त्यांनी चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून घेतली, कारण अडचणीत तीच कंपनी मिळेल याची खात्री नाही. औषधं न्हाणीघरात किंवा ओट्यावर ठेवायची नाहीत, दमटपणानं आणि उष्णतेनं ती खराब होतात.

प्रथमोपचाराच्या डब्यात निर्जंतुक गॉज, रुंद बँडेज, चिकटपट्टी, कात्री, चिमटा, हातमोजे, थर्मामीटर, तापाचं औषध, ओआरएस. जखमेतून जोरात रक्त येत असेल तर गॉज दाबून धरायचा, सारखा उचलून बघायचा नाही. भाजलं तर वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं, बर्फ नाही, मलम नाही. घरातल्या सगळ्यांनी करून पाहिलं, लेकीनंही.

ओआरएस संपलं तर: एक लिटर सुरक्षित पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर घातक, म्हणून ‘सपाट’ या शब्दाखाली दोन रेघा. चोवीस तासांनी उरलेलं टाकायचं.

खालच्या मजल्यावरच्या काकू इन्सुलिन घेतात. त्यांच्याशी बोलले. वापरात असलेलं इन्सुलिन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं, पण किती अंशापर्यंत हे त्यांच्या खोक्यावर पाहून लिहून घेतलं. गोठलेलं वापरायचं नाही, म्हणून बर्फाला थेट चिकटवून ठेवायचं नाही. फार उकाडा असेल तर ओल्या मातीच्या भांड्यात, कोरड्या पिशवीत घालून. त्यांच्याकडे सुया जपून दोन आठवड्यांच्या आहेत, हे ऐकून बरं वाटलं.

आईचा जुना चष्मा टाकणार होतो, तो डब्यात ठेवला.

१ नोव्हेंबर

उजेड आणि वीज. मेणबत्त्या यादीतून काढल्या. अंधारात, घाईत, मूल घरात असताना उघडी ज्योत नको, आणि भूकंपानंतर गॅस गळत असेल तर मुळीच नको. त्याऐवजी एलईडी टॉर्च आणि डोक्याला बांधायचे दिवे. सगळी उपकरणं एकाच मापाच्या सेलवर, एएवर, चालतील अशी घेतली. एकाचे सेल दुसऱ्याला लावता येतात. सेल उपकरणात घालून ठेवले तर पाझरून आतले पत्रे खाऊ शकतात. म्हणून ते बाहेर, शेजारीच पिशवीत. एकच टॉर्च भरलेला, आईच्या उशाशी.

पॉवर बँक २०,००० एमएएचची. आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ७४ वॅट-तास. फोनपर्यंत जाताना काही भाग वाया जातो. ५,००० एमएएचचा फोन तीनेकदा भरेल, त्याहून जास्त धरायचं नाही. दर तीन महिन्यांनी चार्ज करायची. फोनचा उजेड कमी, विमान मोड, ठरलेल्या वेळीच सुरू. फोन लागत नसला तरी एसएमएस बऱ्याचदा जातो, त्याला फार थोडी जागा लागते.

सेलवर चालणारा रेडिओ घेतला. इंटरनेट गेल्यावर अधिकृत माहिती घरात येण्याचा तोच मार्ग उरतो. केंद्रांचे आकडे मागच्या बाजूला चिकटवले.

जनरेटर घ्यायचा नाही असं ठरलं. शेजारी कुणी घेतला तर सांगणं आपलं काम: घरात, गॅरेजमध्ये, बाल्कनीत कधीही नाही. बाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान सहा मीटर. कोळशाची शेगडीही आत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासमध्ये थंडीनं वीज गेली तेव्हा ऊब मिळवायला लोकांनी घरात जनरेटर आणि शेगड्या पेटवल्या, गाड्या सुरू ठेवल्या, आणि त्यात माणसं गेली. थंडीतून वाचण्याच्या धडपडीत गेली. हे वाचल्यापासून मी प्रत्येकाला सांगते.

८ नोव्हेंबर

रोख रक्कम, लहान नोटांत, कारण सुट्टे कुणाकडे नसणार. कागदपत्रांच्या प्रती पाण्यानं न भिजणाऱ्या पिशवीत. महत्त्वाचे फोन नंबर कागदावर, कारण कुणाचाच नंबर आता पाठ नसतो. गावाबाहेर राहणाऱ्या भावाला निरोप्या केलं: एकमेकांशी संपर्क झाला नाही तर चौघांनीही त्याला कळवायचं.

१५ नोव्हेंबर

संडास. याबद्दल कुणी बोलत नाही आणि तयारीत हेच सगळ्यात आधी अडतं. नळ बंद पण सांडपाण्याची नळी शाबूत असेल, तर बादलीनं साधारण सहा लिटर पाणी एकदम ओतलं की मैला जातो. हे पिण्याचं पाणी नको, भांडी-हात धुतलेलं चालतं. म्हणून ते साठवायला वेगळं झाकणाचं पिंप. भूकंपानंतर मात्र नळी फुटलेली असू शकते. तपासल्याशिवाय ओतलं तर खालच्या मजल्यावर वर येईल.

तेव्हा बादलीचा संडास: बादलीत दुहेरी जाड पिशवी, प्रत्येक वापरानंतर वरून लाकडाचा भुसा, राख किंवा कोरडी माती, आणि झाकण. लघवी वेगळी ठेवली तर वास आणि वजन दोन्ही खूप कमी. पिशव्या, भुसा, मास्क, हातमोजे, पॅड असं सगळं त्याच बादलीत भरून ठेवलं, म्हणजे शोधाशोध नको. आईला खाली बसता येत नाही, तिच्यासाठी बादलीवर बसणारी सीट घेतली. ती आधी संकोचली, मग स्वतःच म्हणाली, “एकदा बसून बघते, हलते का ते.”

हात धुवायला बाटलीच्या झाकणाला सुईनं भोक पाडलं. उलटी धरून दाबली की बारीक धार येते आणि अगदी थोड्या पाण्यात दोन हात साबणानं धुतले जातात. सॅनिटायझर निदान ६० टक्के अल्कोहोलचं आहे, पण मळलेल्या हातांवर आणि जुलाबाच्या काही विषाणूंवर त्याचा भरवसा नाही. साबणच खरा.

२२ नोव्हेंबर

सराव. शनिवारी संध्याकाळी मेन स्विचच्या पेटीतले फ्रिज सोडून बाकी सगळे खटके (एमसीबी) पाडले, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, उद्या संध्याकाळपर्यंत असंच. फ्रिजचा तेवढा खटका सुरू ठेवला, अन्न वाया घालवायला नको.

रात्रीच्या नोंदी: शेगडी विजेच्या ठिणगीवर पेटते. आगपेटी होती, पण ओट्यापासून लांब. मेन स्विचच्या पेटीपाशी उजेड नाही, तिथे एक दिवा टांगायचा. डोक्याचा दिवा टॉर्चपेक्षा कितीतरी सोयीचा, दोन्ही हात मोकळे राहतात.

आई रात्रीची गोळी घ्यायला बसली. दिव्याच्या पिवळसर उजेडात तिच्या दोन पाकिटांचा रंग सारखाच दिसत होता. तिनं पाकीट डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, नखानं चंदेरी कागद चाचपला आणि मला हाक मारली. दिवसा ती फक्त रंगावरून ओळखते. लगेच दोन वेगळ्या पिशव्या केल्या, एकीवर ठसठशीत ‘सकाळ’, दुसरीवर ‘रात्र’, आणि रात्रीच्या पिशवीला रबरबँड, म्हणजे हातालाही कळेल.

२३ नोव्हेंबर

सराव संपला. पिण्या-रांधण्याचं पाणी अंदाजाएवढंच लागलं. संडासाला मात्र त्याच्या दुपटीहून जास्त. वापराचं पिंप आणखी एक घ्यायचं. दुपारी लेक कंटाळली. पत्ते, वही, रंग, गोष्टीचं पुस्तक हेही साठ्यात हवंच, मुलाचं मन गुंतलेलं असेल तर मोठ्यांना काम सुचतं. दुसऱ्या दिवशी गरम काहीतरी हवंसं वाटलं, प्रत्येकालाच. म्हणून चहा-कॉफीपुरतं इंधन वेगळं धरलं. धीर टिकवायला त्याचा उपयोग आहे.

६ डिसेंबर

घर सोडावं लागलं तर न्यायच्या पिशव्या. प्रत्येकाची आपापली, ज्याला जेवढी उचलून जिना उतरता येईल तेवढीच. आईच्या पिशवीत फक्त औषधं, चष्मा, पाण्याची छोटी बाटली, शाल, शिट्टी आणि नंबरांचा कागद. ढिगाऱ्याखाली ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजवायला फार दम लागत नाही. पलंगाखाली प्रत्येकाचे बंद बूट, पिशवीत बांधून, कारण रात्री काचा फुटल्या तर पहिली जखम तळपायाला होते.

उंच कपाटं भिंतीला पट्टीनं आवळली. गॅसचा व्हॉल्व्ह आणि पाण्याचा व्हॉल्व्ह चौघांनी आपापल्या हातानं बंद करून पाहिले. पाण्याचा घट्ट आहे, त्याच्या शेजारी पाना दोरीनं बांधून ठेवला. गॅसचा वास आला तर स्विचला हात लावायचा नाही, व्हॉल्व्ह बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर.

१७ जानेवारी २०२६

इमारतीतल्या लोकांना घरी बोलावून वही दाखवली. मोठ्या आपत्तीत पहिल्या काही तासांत हात देतात ते घरचे आणि शेजारीच. १९९५च्या कोबेच्या भूकंपात ढिगाऱ्याखालून वाचलेल्यांपैकी बहुतेकांना त्यांनीच काढलं होतं. कुणाकडे शिडी आहे, कुणाला जखम बांधता येते, कोण एकटं राहतं, कुणाला जिना उतरवत नाही, हे एका कागदावर आलं. एका घरात मिळकत बेताची आहे, एकदम साठा करणं जमणार नाही. त्यांना सांगितलं की घरातल्या स्वच्छ बाटल्या नळाच्या पाण्यानं भरून ठेवा, हीच निम्मी तयारी, आणि दर वेळी बाजारात गेलात की एखादी वस्तू जास्तीची आणा. सगळं एकाच दिवशी आणायला निघालं की इतरांना तुटवडा पडतो, तेही नको.

७ मार्च

सहामाही तपासणी. कॅनमधलं जुनं पाणी फरशी आणि कपड्यांना वापरलं, कॅन पुन्हा धुऊन भरले, नव्या तारखा. एका तोटीचा वायसर कडक झाला होता, बदलला. ब्लीच नवीन, जुनं धुण्याला. पॉवर बँक चार्ज केली. सेल मापून पाहिले, ठीक आहेत. अन्नात मुदतीजवळ आलेलं फारसं काही नव्हतं, कारण फिरत राहतंय. आईच्या गोळीची मात्रा डॉक्टरांनी बदलली होती, पिशवीतलं पाकीट आणि चिठ्ठी दोन्ही बदलली. लेकीचे पलंगाखालचे बूट तिला होत नाहीत, नवे ठेवले.

राहिलेलं: अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे, पण तो कसा चालवायचा हे नवऱ्यानं आणि आईनं अजून हातात घेऊन पाहिलेलं नाही. काकूंचं मातीचं भांडं आणायचंय. वापराच्या पाण्याचं दुसरं पिंप आलं, त्याला घट्ट झाकण हवं, नाहीतर डास होतील. रेडिओचे आकडे पुसट झालेत, ते पुन्हा लिहायचे.